लाइन गेली, लाइन मारली, लाइनवर आला

‘लाइन’ला मराठीत काय म्हणायचं, असं कुणी विचारलं की आधी विचारावं लागतं, कुठली लाइन? वहीतली असेल तर रेघ, भूमितीतली रेषा, कवितेतली ओळ, रेशनच्या दुकानापुढची रांग. इंग्रजी जिथे एकाच शब्दावर भागवते तिथे आपल्याकडे चार आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. ‘रेशनची रेघ’ म्हणून बघा.

मग घरात चार असताना पाचवा कशाला घेतला? माझ्या मते लाइन या चौघांच्या जागी आलेलीच नाही. रांगेची जागा तेवढी तिने बरीच बळकावली, बाकी तिची कामं निराळी आहेत. विदर्भ-मराठवाड्यात वीज गेली की ‘लाइन गेली’. पुण्या-मुंबईकडे त्यालाच ‘लाइट गेले’. शेतकऱ्याच्या तोंडी तर लाइन म्हणजे वेळापत्रक. ‘या आठवड्यात रात्रीची लाइन आहे’ म्हणजे कृषिपंपाला वीज रात्री मिळणार आणि गहू भिजवायला बॅटरी घेऊन थंडीत बांधावरून जावं लागणार. ‘लाइन डिम आहे’ म्हणजे दाब कमी, मोटर उचलणार नाही. ती दुरुस्त करायला येतो तो लाइनमन. महावितरणने त्याला ‘जनमित्र’ असं छान नाव दिलं, पण खांबावर चढलेल्या माणसाला गाव लाइनमनच म्हणतं.

मुंबईत लाइन म्हणजे अर्धा पत्ता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर पहिली गाडी धावली, तेव्हा एकच लाइन होती. आता ‘हार्बरला राहतो’ एवढ्यावर समोरचा माणूस तुमचं घरभाडं आणि घरी पोचायची वेळ दोन्ही ताडतो. नागपूरचं सिव्हिल लाइन्स आणि गावोगावच्या पोलीस लायनी या मात्र वेगळ्या घराण्यातल्या. इंग्रजी अमलात ओळीने बांधलेल्या बराकींना, वसाहतींना ‘लाइन्स’ म्हणत, तिथून त्या आल्या.

‘पोरगा कुठल्या लाइनला आहे?’ यातली लाइन म्हणजे धंदा किंवा पेशा. मेडिकल लाइन, हॉटेल लाइन. हा अर्थ इंग्रजीतही आहे. पण ‘लाइन मारणे’ आणि त्याचं उत्तर म्हणून ‘लाइन देणे’ ही पक्की देशी कमाई. इंग्रजाला शब्दशः सांगितलं तर त्याला काही उमगायचं नाही.

वीज, रेल्वे, नळाची लाइन, फोनची लाइन, लाइन मारणं: या सगळ्यांना दोन टोकं आहेत. पलीकडून काहीतरी इकडे यायचं असतं. नुसती ओढलेली खूण असेल तिथे मराठी माणूस अजून रेघच म्हणतो. आणि गंमत म्हणजे हे इंग्रजी शब्दाच्या मुळाला धरूनच आहे. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवसाचं झाड. त्याच्या खोडातून निघणाऱ्या वाखाचा धागा, दोरी म्हणजे ‘लिनेआ’. त्यातून लाइन, आणि तिच्या नात्यातले लिनन आणि ब्लाउजच्या आतलं लायनिंग, कारण अस्तर पूर्वी त्याच कापडाचं असे. आपण त्या जवसाची चटणी करतो.

धाग्यावरून सरळपणा मोजायची कल्पना आपल्याकडेही जुनीच. सुतार हा मुळात सूत्रधार, हातात सूत धरणारा. एखाद्याला ‘लाइनवर आणला’ म्हणतो तिथे आजोबा ‘सुतासारखा सरळ केला’ म्हणत. मला आजोबांचं जास्त आवडतं.

डेडलाइनबद्दल एवढंच, की ती मूळची तारीख नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. आपल्या डेडलाइन त्या मानाने फारच दयाळू.

राहता राहिलं लिहिणं. लाइन की लाईन? छापील मजकुरात दोन्ही दिसतात. मी ऱ्हस्व लिहितो. अनेकवचन मात्र बिनदिक्कत ‘लायनी’ करावं. देऊळचं देवळात होतं, पाऊसचं पावसात, तसं लाइनचं लायनीत. ‘लाइन्समध्ये उभे रहा’ अशी पाटी लावणाऱ्याने एकदा मोठ्याने वाचून पाहावी.