डीएसपीवाला ॲम्प: वॉट बघायचे की आणखी काही?

मंद्र: दोन टू-वे बॉक्स आहेत. खालच्या आवाजाला १२ इंची वूफर (८ ओहम, ४०० वॉट), वरच्या आवाजाला हॉर्नवर कॉम्प्रेशन ड्रायव्हर (८ ओहम, ५० वॉट). आतला पॅसिव्ह क्रॉसओव्हर (आवाज दोघांत वाटणारं सर्किट) काढून १६०० हर्ट्झला बाय-ॲम्प करायचंय, म्हणजे दोघांना ॲम्पचा वेगवेगळा चॅनल. डीएसपी (फिल्टर, डिले, लिमिटर ही कामं डिजिटल पद्धतीने करणारा भाग) आतच असलेला चार चॅनलचा ॲम्प शोधतोय, प्रत्येक चॅनल ८ ओहमला ५०० वॉट. निवडायचा कशावरून?

तारजोड: वॉट पुरेसे आहेत, आता लिमिटर बघा, म्हणजे आउटपुट ठरावीक मर्यादेवर रोखणारी सोय. प्रत्येक आउटपुटला आरएमएस (सरासरी पातळीचा) आणि पीक (क्षणिक टोकाचा) असे दोन्ही, तेही व्होल्टमध्ये लावता येणारे हवेत. व्होल्ट म्हणजे वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. वूफरला ५६.६, ड्रायव्हरला फक्त २०. तुमचा चॅनल ६३ व्होल्ट देतो, म्हणजे ड्रायव्हरला झेपेल त्याच्या दहापट वॉट. आरएमएस लिमिटर आणखी ३ डीबी खाली ठेवा: ४० आणि १४ व्होल्ट.

नुसता डीबीचा स्लायडर असेल तर मोजावं लागेल. स्पीकरच्या वायरी काढा, त्या चॅनलचे फिल्टर तात्पुरते बायपास करा, १०० हर्ट्झची साइन सोडा आणि आउटपुटवर मल्टिमीटर धरून स्लायडर जुळवा. १०० हर्ट्झच का, तर साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्ट चुकीचे दाखवतात. स्पीकर जोडण्याआधी फिल्टर परत चालू करायला विसरू नका, ड्रायव्हर तिथेच जळतात.

षड्ज: गेनही बघा, म्हणजे ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते. अशा ड्रायव्हरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती मोठा आवाज येतो ते) १०७-११० डीबी असते, त्यामुळे ३२ डीबी गेनच्या ॲम्पची सळसळ शांत खोलीत सरळ ऐकू येते. डीएसपीत लेव्हल पाडून आउटपुट स्टेजची सळसळ जात नाही. गेन २६ किंवा त्याखाली आणता येणारा घ्या.

मंद्र: ड्रायव्हरला सीरिजमध्ये कपॅसिटर हवाच का?

तारजोड: हो. ४७ मायक्रोफॅरड, पॉलिप्रॉपिलीन. ८ ओहमला कट (ज्याच्या खालचा आवाज अडायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) ४२३ हर्ट्झवर येतो, क्रॉसओव्हरपासून लांब. चालू करतानाचा धक्का, आउटपुटवर आलेला डीसी, दोन्ही अडतात. प्लगमध्ये वूफरच्या आणि ड्रायव्हरच्या वायरींची अदलाबदल झाली तरी खर्जाचा बराच भार अडतो.

षड्ज: वूफर आणि ड्रायव्हरचा आवाज एकाच वेळी पोचावा म्हणून डिले जुळवायला २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हर फिल्टरचा एक प्रकार) लावा, ड्रायव्हरची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करा आणि माइकवर १६०० हर्ट्झचा खड्डा सगळ्यात खोल होईपर्यंत डिले सरकवा. मग पोलॅरिटी सरळ. ०.१ मिलिसेकंद म्हणजे ३.४ सेंटिमीटर, त्यामुळे पायरी बारीक हवी. एफआयआर (डिजिटल फिल्टरचा एक प्रकार) च्या जाहिरातीला भुलू नका: ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला १०२४ टॅप्सचा (टप्प्यांचा) असा लिनिअर फेज फिल्टर आवाजाला १०.७ मिलिसेकंद उशीर लावतो. गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटर स्पीकरला ते चालणार नाही.