अंदमानातला रुका आणि आपल्याकडचा रुका एकच का?

माळरान_सोलापूर:
मंडळी एक शंका आहे म्हणून विचारलालो. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांसोबत अंदमानला गेलतो, हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) बीचच्या मागं झाडी आहे तिथं एका फांदीवर बारीक, लांबलचक, तपकिरी साप दिसला, मोबाईलवर फोटो घेतले, मान फुगवली तेव्हा खवल्यांच्या मधनं निळं दिसलं. आपल्याकडं विजापूर रोडला लिंबाच्या झाडावर सरड्यांच्या मागं पळणारा रुका असतोय ना, अगदी डिट्टो तसा! आता गोंधळ असा की एका जुन्या पुस्तकात अंदमानच्या सापाला डेंड्रेलाफिस पिक्टस लिहिलंय, नेटवर डेंड्रेलाफिस अँडमानेन्सिस दिसतंय, आणि माझा मित्र म्हणतोय आपलाच रुका जहाजातनं तिकडं गेला असणार. खरं काय? निकोबारला पण हाच आहे का? शाळेच्या निसर्ग मंडळात पोरांना फोटो दाखवायचेत, चुकीचं नाव सांगायचं नाहीये.

खवले_मोजणारा:
चांगला प्रश्न आहे दादा. आपल्याकडचा रुका म्हणजे डेंड्रेलाफिस ट्रिस्टिस, १८०३ मध्ये दॉदँ या फ्रेंच माणसानं नाव दिलेला. तुमचा हॅवलॉकचा साप त्याच वंशातला पण वेगळ्या जातीचा आहे, डेंड्रेलाफिस अँडमानेन्सिस, आणि ही जात फक्त अंदमान बेटांवर आहे, जगात दुसरीकडं कुठंच नाही.

पुस्तकातलं पिक्टस कुठनं आलं ते पण सांगतो. अँडरसन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १८७१ च्या सुमाराला अंदमानच्या सापाला स्वतंत्र नाव दिलं होतं, पण नंतरच्या लोकांनी त्याला थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडं पसरलेल्या पिक्टसची उपजात करून टाकलं. त्या काळी पद्धतच तशी होती, दिसायला सारखे दिसले की एका मोठ्या जातीत कोंबायचे आणि बेटाबेटावरच्यांना उपजात म्हणायचं. पुढं गर्नोट व्होगेल आणि योहान फान रोयेन या दोघांनी वेगवेगळ्या म्युझियममधले नमुने काढून खवल्यांच्या ओळी, शेपटीची लांबी, पट्ट्या असं सगळं मोजलं तेव्हा पिक्टस म्हणून एक नाही तर बऱ्याच जाती निघाल्या. त्यामुळं पुस्तक खोटं नाही, फक्त जुनं आहे.

हे बेटांपुरतंच आहे असं पण नाही. आपल्या सह्याद्रीतनं २०११ ला डेंड्रेलाफिस गिरी ही जात याच दोघांनी वेगळी काढली, सापांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरनं. हरणटोळ या हिरव्या सापाचं पण तेच, आपण सगळे त्याला शास्त्रीय नावानं नासुटा नासुटा म्हणायचो, २०२० च्या अभ्यासात नासुटा श्रीलंकेपुरता राहिला आणि आपल्या सपाटीवरचा ऑक्सिरिंका ही वेगळी जात झाला.

बेटवेडी:
निकोबारचं मी सांगते. तिथला वेगळा आहे, डेंड्रेलाफिस हुमायुनी, १९७३ ला तिवारी आणि बिस्वास यांनी वर्णन केलेला. हुमायुन म्हणजे मुंबईचे पक्षी अभ्यासक हुमायुन अब्दुलअली, अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर त्यांनी केवढं काम केलंय!

आता नकाशा उघडून बघा, म्हणजे दोन साप वेगळे का ते आपोआप कळतं. अंदमान आणि निकोबारच्या मध्ये टेन डिग्री चॅनल आहे, साधारण दीडशे किलोमीटर रुंद आणि भरपूर खोल. वीसेक हजार वर्षांपूर्वी हिमयुग होतं तेव्हा समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता, तेव्हा उत्तर, मध्य, दक्षिण अंदमान ही सगळी जमीन एकच होती, साप इकडनं तिकडं आरामात जात असणार. पण टेन डिग्री चॅनल तेव्हाही कोरडा पडला नाही. त्यात अंदमानची डोंगररांग म्यानमारच्या आराकान योमाचीच पुढची कडी आणि निकोबारचं दक्षिण टोक सुमात्राच्या जवळ, म्हणून दोन्हीकडच्या प्राण्यांची नाती पण वेगवेगळ्या दिशेला जातात. सरकारी कागदावर एकच केंद्रशासित प्रदेश आहे म्हणून पुष्कळ याद्यांत "अंदमान-निकोबारला आढळतो" असं एका दमात लिहून मोकळे होतात, मला याचा खरंच राग येतो, कारण कुठल्या बेटावर आहे आणि कुठल्यावर नाही हीच तर यातली महत्त्वाची माहिती आहे.

अक्कलकोट_रोड:
मित्राच्या जहाजाबद्दल. असं होऊ शकतं हे खरंय. गुआम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राउन ट्री स्नेक, बोइगा इर्रेग्युलॅरिस, आपल्या मांजऱ्या सापाचा भाऊबंद, लष्करी सामानातनं पोचला आणि तिथल्या जंगलातले बहुतेक सगळे मूळचे पक्षी संपवले, कारण त्या पक्ष्यांना झाडावर चढणारा असला शिकारी माहीतच नव्हता. पण अंदमानचा साप जहाजानं गेला असता तर तो कुठल्यातरी मूळ ठिकाणच्या सापाशी तंतोतंत जुळला असता. हा जुळत नाही. तो माणसांच्या जहाजांच्या कितीतरी आधीपासनं तिथलाच आहे.

माळरान_सोलापूर:
लई भारी माहिती, सगळ्यांचे आभार 🙏 मग फोटोवरनं पोरांना फरक दाखवता येईल का?

खवले_मोजणारा:
थोडाफार येईल. आपल्या ट्रिस्टिसच्या डोक्यावर मागच्या बाजूला मधोमध एक फिकट ठिपका असतो आणि मानेवर पाठीच्या मधनं फिकट रेघ जाते. पिक्टस गटातल्यांना, म्हणजे तुमच्या अंदमानच्या सापाला पण, डोळ्यामागनं मानेकडं जाणारी काळी पट्टी ठळक असते, आपल्याकडच्याला तशी ठळक नसते. निळा रंग मात्र ओळख म्हणून धरू नका, तो या वंशात बऱ्याच जणांना दिसतो, फुगल्यावर खवल्यांच्या मधनं. पाठीच्या मधल्या ओळीचे खवले मोठे आणि पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांना धार, ही झाडावर चढायची सोय, ती पण सगळ्यांत सारखीच.

आणि पोरांना एवढं नक्की सांगा की हे साप बिनविषारी असले तरी खवले बघायला कुणी पकडायचा नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. फोटो आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी करायच्या वेबसाइटवर टाका, मूळ फाईल टाका, व्हॉट्सॲपवरनं आलेली नको, त्यात खवले पुसले जातात. आणि लोकेशनमध्ये नुसतं अंदमान-निकोबार लिहू नका, बेटाचं नाव लिहा.