सासऱ्यांची शुगर आणि संक्रांतीचं गोड: सगळ्यांना एकाच पातेल्यातलं काय करता येईल?

सोलापूरची_सून

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, 67 वर्षांचे आहेत, बारा वर्षं झाली शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत आणि मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 8.4 आलं. डॉक्टर म्हणाले सातच्या जवळ आणायचा प्रयत्न करा, जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत पाहिजे. भाकरी, भाजी, चालणं सगळं व्यवस्थित करतात, अडतं फक्त गोडापाशी.

दसऱ्याला मी त्यांच्यासाठी वेगळे शुगर फ्री पेढे आणले आणि आमच्यासाठी बासुंदी केली. त्यांनी "शुगर फ्री आहेत ना" म्हणून चार पेढे खाल्ले, दोन तासांनी मशीनवर 268. सासूबाई त्यांना रागावल्या, ते काहीच बोलले नाहीत, बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. रात्री मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधार होता, फ्रिजचं दार उघडं, त्या उजेडात अण्णा उभे होते आणि बासुंदीचं रिकामं पातेलं बोटानं पुसून खात होते. मी तशीच मागं फिरले, लाइट लावला नाही. त्या दिवसापासून माझं मन लागत नाही हो. ज्या माणसानं आयुष्यभर मिलमध्ये तीन-तीन शिफ्ट करून घरात सगळ्यांना खाऊ आणला, त्याच्या पुढ्यात वेगळी वाटी ठेवायची आणि आपण मजेत खायचं, हे मला पटतच नाही.

आता संक्रांत आलीय, नणंद पुण्याहून पोरांना घेऊन गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला येणार आहे, यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी घरात पंधरा माणसं असतील. मला असं गोड पाहिजे की जे अण्णा, माझी दोन पोरं (9 आणि 5 वर्षं), पाहुणे सगळे एकाच पातेल्यातलं खातील, आणि पोरांनी "हे पेशंटचं आहे" म्हणून तोंड वाकडं करायला नको. शेंगपोळी तर करावीच लागते, तिचं काय करू?

जायफळ_वेलची

ताई, पातेल्याचं वाचून गलबलून आलं. माझ्या आईला शुगर होती त्यामुळं या सगळ्यातून गेलेय, एकच पदार्थ सांगते पण नीट सांगते. श्रीखंड करा.

ऐकून नवल वाटेल पण विचार करा. दुधात मुळात स्वतःची साखर असते, 100 मिलीला पाच ग्रॅमच्या आसपास. बासुंदी आटवली की पाणी उडतं, साखर तिथंच राहते, म्हणजे एक लिटरची बासुंदी केली की वरून काहीही न घालता जवळपास पन्नास ग्रॅम दुधाची साखर आधीच पातेल्यात आहे, त्यावर आपण वाटीभर घालतो. दह्याचं उलटं आहे. विरजणात थोडी साखर आंबून जाते आणि फडक्यात टांगलं की उरलेल्यातली बरीचशी निवळीबरोबर खाली गळते, वर चक्क्यात प्रोटीन आणि फॅट राहतं. म्हणून चक्का दुधापेक्षा शुगरवाल्यांना खूप सोयीचा.

विकतच्या श्रीखंडात आणि जुन्या पद्धतीत चक्का आणि साखर निम्मी-निम्मी असते, तिथं आपण फसतो. मी अशी करते: एक लिटर म्हशीच्या दुधाचं दही, गोड असतानाच, आंबट व्हायच्या आत टांगायचं (हे सगळ्यात महत्त्वाचं, आंबट झालं की साखर वाढवावी लागते), रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीवर फडक्यात ठेवायचं, खाली भांडं. सकाळी 400 ग्रॅमच्या आसपास घट्ट चक्का मिळतो. पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून घासून काढायचा, मिक्सर लावू नका पातळ होतो. त्यात फक्त सहा छोटे चमचे पिठीसाखर, म्हणजे साधारण 25-30 ग्रॅम, सहा माणसांत वाटली की एकाला पाचच्या आत. केशर कोमट दुधात घोटून, वेलची, जायफळ जरा सढळ हातानं, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, मिठानं गोडी वर येते. आणि वरून आपल्या सोलापूरच्या डाळिंबाचे दाणे, माणशी दोन चमचे. दाणा दाताखाली फुटला की गोड लागतो ना, त्यामुळं साखर कमी आहे हे पोरांच्या लक्षात पण येत नाही.

पंधरा माणसांना अडीच लिटरचं दही लावा. वाट्या छोट्या घ्या, सगळ्यांनाच छोट्या, फक्त अण्णांना नाही.

बाळीवेसकर

मी स्वतः नऊ वर्षं शुगरचा पेशंट, वय 54, त्यामुळं अण्णांच्या बाजूनं बोलतो. घरातले सगळे खातेत आणि आपल्यापुढं वेगळी वाटी येते तेव्हा लई वाईट वाटतं, आणि मग माणूस चोरून खातो, आणि चोरून खाल्लेलं मोजलं जात नाही. तुम्ही एक पातेलं म्हणताय ते एकदम बरोबर आहे, शुगर पण त्यानंच कंट्रोलमध्ये येते असा माझा अनुभव.

आता शेंगपोळी. पहिलं म्हणजे "गूळ चालतो" हे डोक्यातून काढून टाका. गुळात पण 100 ग्रॅमला 85 ग्रॅमच्या आसपास साखरच असते, थोडं लोह वगैरे असतं पण मशीनला ते कळत नाही. मी पहिली दोन वर्षं साखर सोडून गुळाचा चहा प्यायचो आणि रिपोर्ट का सुधरत नाही म्हणून गोळ्या बदलून घ्यायचो.

पण शेंगा आपल्या दोस्त आहेत. शंभर ग्रॅम दाण्यात पंचवीस ग्रॅम प्रोटीन, कार्बोहायड्रेट सोळा-सतराच्या आसपास, त्यामुळं शुगर एकदम उसळत नाही. आपल्या घरात प्रमाण असतं एक वाटी कूट एक वाटी गूळ. माझी बायको तीन वाट्या कूट घेते आणि अर्धी वाटी गूळ. दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं काढून मिक्सरला जरा जास्त फिरवायचे, तेल सुटायला लागलं की थांबायचं, मग गूळ कमी असून पण सारण मुठीत वळतं. भाजलेले तीळ दोन चमचे, वेलची, थोडी सुंठ. पारीला मैदा नाही, कणीक, आणि पारी पातळ, सारण भरपूर. पोळी तळहाताएवढी लाटायची, पुरीपेक्षा जरा मोठी. एवढ्यात चौदा-पंधरा पोळ्या होतेत, म्हणजे एका पोळीत गूळ पाच-सहा ग्रॅम. तव्यावर मंद भाजून वर चमचाभर तूप.

मी एक पोळी खातो आणि त्या जेवणात अर्धी भाकरी कमी करतो. वरून गोड खायचं आणि भाकरी पण तेवढीच, असं नाही चालत. आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पंधरा मिनिटं चालायचं. गड्ड्याला होम मैदानावर गर्दीतनं पोरांना घेऊन एक फेरी मारायला सांगा अण्णांना, औषध पण होतं आणि हौस पण.

पूजा_होटगी_रोड

आमच्याकडे तर खजुराचे लाडू करतो, खजूर, काजू, बदाम, तूप. साखर नाही गूळ नाही, पूर्ण शुगर फ्री. किंवा खीर करून त्यात शुगर फ्रीच्या गोळ्या टाका, एवढं काय टेन्शन घ्यायचं, बाजारात सगळं मिळतं आता. नाचणीची खीर पण छान, नाचणी शुगरवाल्यांना चालतेच.

बाळीवेसकर

पूजाताई, राग मानू नका पण लाडूचं सांगावंच लागेल. खजूर म्हणजे नुसती साखर आहे हो, वरून घातलेली नसेल पण आतच आहे, सुक्या खजुराचा दोन तृतीयांश भाग साखर. छोट्या एका खजुरात पाच ग्रॅम. एका लाडवात चार खजूर गेले की वीस ग्रॅम झाले, म्हणजे चार चमचे. मोठे मऊ खजूर असतील तर अजून जास्त. शुगर नसलेल्या माणसाला चांगलाच आहे तो लाडू, अण्णांना अर्धा.

नाचणी चांगली, पण तिची बारीक पिठाची पातळ खीर पटकन चढते, मी मोजलंय. त्यापेक्षा हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर करा. खपली गहू रात्रभर भिजवून, कुकरला शिजवून, अख्खा दाणा दाताखाली आला पाहिजे, नारळाचं दूध, खसखस, सुंठ आणि गूळ नेहमीच्या निम्म्याहून कमी. चावून खावी लागते म्हणून हळू चढते. तरी अर्धीच वाटी बरं का, शेवटी गहूच आहे.

जायफळ_वेलची

शुगर फ्रीच्या गोळ्यांबद्दल थोडं. ज्यांच्यात अ‍ॅस्पार्टेम असतं त्या खिरीत उकळायच्या नाहीत, उष्णतेनं त्यांची गोडी जाते, गॅस बंद करून कोमट झाल्यावर घाला. सुक्रालोज शिजवलं तर चालतं. विकतच्या शुगर फ्री मिठायांत बऱ्याचदा साखरेऐवजी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल घातलेलं असतं, त्यानं थोडीफार शुगर चढतेच आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं. आणि पेढ्यात साखर नसली तरी खवा आहेच ना, खव्यात दुधाची साखर आटून बसलेली असते, काही ठिकाणी मैदा पण घालतात. 268 तिथून आले असणार. डब्यावर "नो अ‍ॅडेड शुगर" लिहिलेलं असलं तरी मागं कार्बोहायड्रेटचा आकडा बघायचा.

2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन कमी करायला असल्या गोडव्याचा उपयोग करू नका असा सल्ला दिला, तो आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही असं त्यांनीच म्हटलंय, त्यामुळं अण्णांनी चहात गोळी घेतली तर घाबरू नका. पण पाच वर्षांच्या पोराच्या पातेल्यात मी ती घालणार नाही. माझं मत, थोडीशी खरी साखर आणि भरपूर वेलची बरी.

वॉर्डातली_मावशी

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बावीस वर्षं नर्स आहे. अण्णांना ग्लिमेपिराइड चालू आहे असं लिहिलंय. ती गोळी शुगर खाली आणते, तुम्ही खाल्लं काय आणि नाही खाल्लं काय. गोड कमी केलं, भाकरी कमी केली, यात्रेत चालणं वाढलं, जेवायला उशीर झाला आणि गोळी तीच राहिली तर शुगर सत्तरच्या खाली जाऊ शकते. घाम, हात थरथरणं, चिडचिड, बोलणं अडखळणं.

माझ्या स्वतःच्या वडिलांना असं झालं होतं. आम्ही हुरडा पार्टीला शेतात होतो, वडील घामानं भिजले, माझ्या भावजयीनं घाईनं त्यांच्यासाठीच आणलेली शुगर फ्री बर्फी भरवली. मी तिकडं विहिरीपाशी होते. आले तर ते डोळे फिरवायला लागलेले. अशा वेळी शुगर फ्री काही कामाचं नाही, आणि पेढा-चॉकलेट पण नाही, तुपा-खव्यानं साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. साधी साखर, तीन चमचे, पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, 64 होते म्हणून परत दिली, मग वर आले. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना.

तेव्हा घरात गोड कितीही बदला, साखरेची एक छोटी पुडी अण्णांच्या बंडीच्या खिशात कायम पाहिजे. आणि खाणं बदलताय हे डॉक्टरांना आधी सांगा, गोळी कमी करायची का ते ते ठरवतील. खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजून वहीत लिहा, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, बाळीवेसकरांना जे चालतं ते अण्णांना चालेलच असं नाही.

सोलापूरची_सून

मावशी, पुडी आजच दिली आणि डॉक्टरांना फोन पण केला, ते म्हणाले आठ दिवसांची वही घेऊन या.

काल रविवारी ट्रायल घेतली, पाहुणे यायच्या आधी. श्रीखंड केलं सांगितलं तसं. सगळ्यांना सारख्या छोट्या वाट्या, आजोबांच्या हातात वाटी कुणी दिली नाही, त्यांनी स्वतः ताटलीतून उचलली. धाकट्यानं डाळिंब मोजून घेतलं, दादाला जास्त आलं म्हणून भांडला. सासूबाई आधी गप्प होत्या, मग म्हणाल्या साखर जरा कमीच आहे, आणि परत घेतलं. अण्णा एका जागी बसून अगदी हळूहळू खात होते, चमचा उलटा करून चाटत होते. अर्धी भाकरी आधीच त्यांनी स्वतः बाजूला काढून ठेवली होती, मी फक्त एकदा बोलले होते.

जेवणाआधी 138, दोन तासांनी 171. नातवानं मशीनचा आकडा वाचून दाखवला, अण्णांनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि पुढं लिहिलं, "श्रीखंड 1 वाटी". रात्री मी मुद्दाम उठून बघितलं, फ्रिज बंद होता.

आता शेंगपोळी शनिवारी. बाळीवेसकर काका, सारणात तीळ पांढरे की काळे? आणि पंधरा माणसांना चक्का घरी टांगायचा म्हणजे माझ्याकडं एवढं फ्रिज नाही, डेअरीचा चक्का आणला तर चालेल का?

जायफळ_वेलची

चालेल की. फक्त साधा चक्का मागा, गोड केलेला नाही, आणि चव घेऊन बघा, आंबट असेल तर घेऊ नका. आणला तरी दोन तास चाळणीवर ठेवाच, बऱ्याचदा पाणी राहिलेलं असतं.

बाळीवेसकर

पांढरे. आणि पहिली पोळी तव्यावर फुटली तर पारी फार पातळ झालीय, सारण कमी करू नका, कणीक जरा घट्ट मळा.