उजनीचं हिरवं पाणी उसाला देतोय, मग युरिया कमी करू का?

उजनीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं रान इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. एक एकर खोडवा (तोडणीनंतर फुटलेला ऊस), जात को ८६०३२, ठिबकवर. सध्या पाणी इतकं हिरवं आहे की कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. फिल्टरची जाळी पूर्वी आठवड्यातून एकदा धुवायचो, आता दिवसाआड उघडावी लागते. आत वाटलेल्या पालकासारखा लगदा निघतो, त्याचा वास साबणानं धुतला तरी हाताला राहतो. वडील सांगतात, धरण नवं होतं तेव्हा हेच पाणी माठात भरायचे.

मुळा, मुठा, पवना सगळ्या शेवटी भीमेत आणि भीमा आमच्या दारात. वरच्या शहरांचं सांडपाणी आम्हीच झेलतो. शेवाळ एवढं माजलंय म्हणजे पाण्यात नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) आहेच ना? मी एकरी ८ पोती युरिया टाकतो. तो कमी केला तर चालेल का? पाणी तपासलंय, नायट्रेट लिटरला ९ मिलिग्रॅम.

काळीमाती
दादा, रिपोर्टमधला आकडा नायट्रेटचा आहे. त्यातलं शुद्ध नत्र साधारण २ मिलिग्रॅम. एकरावर एक इंच पाणी म्हणजे १ लाख ३ हजार लिटर, म्हणजे इंचाला २०० ग्रॅमच्या आसपास नत्र. वर्षभरात धरणाचं ४० इंच पाणी दिलंत तरी ८ किलो. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं. पाण्यातून तुम्हाला अर्धं पोतंही मिळत नाही. बरंचसं नत्र शेवाळानं आधीच खाल्लंय आणि ते तुमच्या जाळीवर अडकतंय.

पण युरिया कमी कराच, कारण वेगळं आहे. खोडव्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००, पाच पोती. वरची तीन ऊस घेत नाही. उशिरा दिलेल्या जादा नत्रानं ऊस लोळतो, त्यातली साखर कमी होते. उरलेलं काही हवेत जातं, काही निचऱ्याच्या चारीतून धरणात. शहराचं सांडपाणी मोठं आहे, मान्य. पण फुगवट्याकाठच्या हजारो एकरांच्या चाऱ्याही तिकडेच उतरतात.

तोडणीनंतरचं पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवता का?

पहाटेचं जाळं
आमच्या घरी पिढीजात मासेमारी आहे, म्हणून लिहिते. हिरव्या पाण्यात दिवसा प्राणवायू भरपूर असतो, पण रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. मेलेलं शेवाळ कुजतानाही तेच. ढगाळ दिवसानंतर पहाटे होडी घालावी तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. आता जाळ्यात कमी प्राणवायूतही तगणारा चिलापी मासाच जास्त. स्फुरद नत्रासारखं हवेत उडून जात नाही, ते गाळात बसतं. तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतं. त्यामुळे आज सगळं थांबवलं तरी पाणी लगेच निवळणार नाही. पोती टाकताना हे लक्षात ठेवा, एवढीच विनंती.

उजनीकाठ
ताई, पहाटे मी मोटर चालू करायला जातो, ते मासे मीही बघितलेत. कारण आज कळलं.

काळीमाती, होय, पाचट पेटवतो. दहा मिनिटांत रान मोकळं होतं म्हणून. एकदा ठेवलं होतं तर ऊस पिवळा पडला, तेव्हापासून धास्ती घेतली.

काळीमाती
पिवळा पडणारच. पाचटात कर्ब भरपूर, नत्र थोडं. कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र मातीतून उचलतात आणि तेवढे दिवस ऊस उपाशी. म्हणून पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. हा युरिया पाच पोत्यांतच धरा. जिवाणू मेले की ते नत्र उसालाच मिळतं. पेटवलंत तर नत्र आणि गंधक धुरात जातं, हाती राख.

उजनीकाठ
ठरलं. पाच पोती, त्यातला ३२ किलो युरिया पाचटावर, बाकी हप्त्याहप्त्यानं ठिबकमधून. जाळीतला लगदा चारीत झटकायचो, तो उद्यापासून बांधावरच्या नारळांच्या आळ्यात.