मदत हवी आहे : कॅल्शियम वाढलंय, तरी कॅल्शियमच्याच गोळ्या?

मुग्धा_ठाणे : आईचे रिपोर्ट काल आले. कॅल्शियम ११.२, पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन) ११८, व्हिटॅमिन डी १४. डॉक्टरांनी डीची ६०,००० युनिटची पावडर आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. ते सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत. गोळ्या सुरू करू की नको? लवकर सांगा.

रानवारा : वय? अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, कॅल्शियम त्याला चिकटून असतं), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)? मुतखडा झालाय का? बीपीची गोळी कोणती? हे कळल्याशिवाय काय सांगणार!

नाचणीवाली : डी १४ म्हणजे ऊन मिळत नाही. गच्चीवर बसवा आणि रोज नाचणीची आंबील द्या. माझ्या सासूबाईंचे गुडघे त्यानेच सुधारले.

रानवारा : ताई, नाचणीत कॅल्शियमच भरपूर. यांचं आधीच वाढलंय.

पेठकर : घाबरू नका. डी कमी असली की पीटीएच वाढतोच. माझा ९० होता, डी घेतल्यावर उतरला.

रानवारा : तुमचं कॅल्शियम किती होतं?

पेठकर : ९.१.

रानवारा : मग तुमची गोष्ट वेगळी. नुसती डी कमी असेल तर कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असतं, ते सावरायला पीटीएच वाढतो. कॅल्शियम ११च्या वर गेल्यावर पीटीएच दबायला हवा. इथे दोन्ही चढलेत, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचाच संशय आधी घ्यायचा.

अस्थी_६० : डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) करून घ्या. शिबिरात टाच तपासतात त्यावर जाऊ नका.

मुग्धा_ठाणे : वय ६३. अल्ब्युमिन ३.४, क्रिएटिनिन ०.९. खडे झालेत, पण त्याचा इथे काय संबंध? गोळी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन.

रानवारा : संबंध आहे, वाढलेलं कॅल्शियम लघवीत उतरून खडे होतात. अल्ब्युमिन ४पेक्षा ०.६ने कमी, त्याला ०.८ने गुणून ११.२मध्ये मिळवा : कॅल्शियम ११.७च्या आसपास जातं. बीपीच्या गोळीतल्या क्लोरथॅलिडोननेही (लघवी वाढवणारं औषध) ते वाढतं, पण एकट्या त्या गोळीचं काम असतं तर पीटीएच खाली असता. ती गोळी मनाने बंद करू नका. कॅल्शियमची मात्र सुरू करू नका आणि आजच दुसऱ्या डॉक्टरांना, जमल्यास एंडोक्रायनोलॉजिस्टना (हार्मोनच्या तज्ज्ञांना), रिपोर्ट दाखवा. २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही विचारा.

पेठकर : आणि डी? १४वर तशीच ठेवायची?

रानवारा : नाही, द्यायची. पण कमी डोसने, कॅल्शियम मोजत मोजत, डॉक्टरांच्या नजरेखाली. मुग्धाताई, खूप तहान, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं?

मुग्धा_ठाणे : तहान खूप. रात्री लघवीला सारखी उठते, आम्हाला वाटलं वयामुळे. दुपारपासून मळमळतंय.

रानवारा : मग फोन करत बसू नका, आत्ताच कॅज्युअल्टीत न्या. गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.

नाचणीवाली : माझी डी १८ आहे. मला आंबील चालेल ना?