एमएच्या पहिल्या सेमिस्टरला मुलांचा हात धरायचा की नाही? माझं मत : धरायचा

बुटीबोरीकर

नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नव्या मुलांना पहिल्या महिन्यात कोणी काही दाखवत नाही, हे इतर ठिकाणी शिकवणाऱ्या मैत्रिणींकडूनही ऐकते.

मागच्या वर्षी पहिल्या सेमिस्टरला अर्जुनी मोरगावकडची एक मुलगी आली. बीए मराठी माध्यमातून, मार्क उत्तम. तीन आठवडे वर्गात एक शब्द बोलली नाही. एक दिवस तास संपल्यावर वही घेऊन आली. वहीत 'लॉ ऑफ डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी' हे देवनागरीत, कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, आणि खाली अख्खं पान कोरं. मी म्हटलं, अगं, हा घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग तिथेच बाकावर बसून तिने मला तो सिद्धांत संत्र्यांचं उदाहरण घेऊन समजावला. पहिलं संत्रं, दुसरं, पाचव्याला नको वाटणं, सगळं बिनचूक. विषय तिला येतच होता, इंग्रजी नाव तेवढं नव्याने ऐकत होती. आणि ते तिला सांगायला तीन आठवडे कोणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते, हे मला अजून लागतं.

दुसरा मुलगा उमरेडचा. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. पैसे आले होते. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, पैसा आधारला जोडलेल्या खात्यात जातो, आणि त्याचं आधार शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेल्या खात्याला जोडलेलं होतं. ते खातं घरात कोणाच्या लक्षातही नव्हतं. त्याला हे कळलं तोवर परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत गेलेली.

साधनं नाहीत असं कोणी म्हणू नये. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ई-पीजी पाठशाळेवर सत्तरच्या आसपास विषयांचं साहित्य फुकट आहे. आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं खुली झाली, केंद्राने त्यासाठी तीन वर्षांचे ६ हजार कोटी मंजूर केलेत. पण माझ्या वर्गात यातलं काय माहीत आहे असं विचारलं, तेव्हा हात वर केला दोघांनी.

नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्याच सेमिस्टरला संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा पेपर आणला. ज्याने आजवर गाईडवर परीक्षा दिली त्याला आपण पहिल्या महिन्यात 'लिटरेचर रिव्ह्यू', म्हणजे विषयावर आधी झालेल्या संशोधनाचा आढावा, करायला सांगतो. संदर्भ द्यायचा कसा हे दाखवत नाही, आणि नंतर कॉपी केली म्हणून रागावतो.

माझं म्हणणं एवढंच : पहिले चार आठवडे प्रत्येक विभागाबाहेर एक टेबल. त्यावर दुसऱ्या वर्षाची दोन मुलं, 'कमवा आणि शिका'तून तासाचे पैसे देऊन. ग्रंथालय, शिष्यवृत्ती, एबीसी आयडी (ज्यात क्रेडिट जमा होतात तो क्रमांक), वसतिगृह, कशाबद्दलही विचारा. आणि संशोधन पद्धतीच्या पेपरचे पहिले दोन आठवडे फक्त शोधणं, वाचणं आणि संदर्भ लिहिणं यालाच. यात चुकत असेल तर सांगा.

देवरी ते नागपूर

मॅडम, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे.

२००९मध्ये देवरीहून एमएला आलो तेव्हा मला नागपुरात सीताबर्डीपलीकडचं काही माहीत नव्हतं. ग्रंथालयाचं कार्ड काढायला तीन चकरा झाल्या. वसतिगृहासाठी शासन निर्णय स्वतः शोधला, चार वेळा वाचला, कागद गोळा केले. त्याच सवयीवर आज सरकारी नोकरी करतो आहे. माझ्या कार्यालयात पदव्युत्तर झालेली मुलं येतात आणि दोन पानांचं परिपत्रक वाचून त्यात काय मागितलंय ते सांगू शकत नाहीत. शासन निर्णय मराठीत असतात, संकेतस्थळावर असतात. तिथेही कोणीतरी टेबल टाकून बसावं का?

एकवीस-बावीस वर्षांचा माणूस मतदान करतो, घर चालवतो. त्याला विचारायची लाज वाटते, हे खरं. मला वाटायची. पण ती लाज ज्याची त्यालाच मोडावी लागते. टेबल ठेवलं की मूल टेबलापर्यंत येईल आणि तिथेच थांबेल. आज शिष्यवृत्ती, उद्या प्रबंधाचा विषयही टेबलावर मागेल.

झिंगाबाईची

दादा, तुमच्या तीन चकरा झाल्या कारण तुमच्याकडे तीन दिवस होते. मी सकाळी ७ ते १ मेडिकल स्टोअरमध्ये काम करून राहिली, दुपारी विभागात येते. माझी एक चकर म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार. खिडकीवर गेली तर म्हणतात, उद्या सकाळी या. सकाळी मी कशी येऊ?

आमच्या विभागात स्वागताचा कार्यक्रम झाला होता. एकच दिवस, सकाळी ११ ला. मला जमलं नाही. नंतर विचारलं तर म्हणे, ते सगळं त्या दिवशी सांगितलं. काय सांगितलं ते कुठे लिहून तर ठेवा! म्हणून मॅडम, टेबल मला पाहिजे, पण हजेरीची सक्ती नका करू. आणि वेळ दुपारची ठेवा.

अंबाझरी३३

मी पूर्णवेळ प्राध्यापक, कुठला ते राहू द्या. दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

आमच्याकडे मंजूर पदांपैकी निम्मीसुद्धा भरलेली नाहीत. आहेत त्यांच्यावर शिकवणं, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रं, पेपर तपासणी आणि पीएचडीचे विद्यार्थी. सेमिस्टरला २२ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तासांचं अध्ययन धरलेलं, म्हणजे ६६० तास. त्यातले दोन आठवडे संदर्भलेखनाला दिले तर नमुना निवड आणि गृहीतकं कधी शिकवणार? त्यावर परीक्षेत प्रश्न येतात, संदर्भ कसा द्यावा यावर क्वचित.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. माझ्या वर्गात ४० नावं आहेत, नियमित येतात १५. बाकीचे एमपीएससी करतात. प्रवेश वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी, वाचनकक्षासाठी. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही. पण जो विषय शिकायला आलेलाच नाही त्याला तुम्ही ई-पीजी पाठशाळा दाखवून काय होणार? तुमचं टेबल त्या १५ जणांसाठीच असेल, आणि ते १५ जण मला थेट येऊन विचारतात.

बुटीबोरीकर

अंबाझरी सर, ते १५ जण तुम्हाला विचारतात म्हणूनच ते १५ जण आहेत. माझी अर्जुनी मोरगावची मुलगी बाकीच्या २५मध्ये गेली असती. त्या दिवशी वही घेऊन आली नसती तर दिवाळीनंतर तिनेही एमपीएससीचा क्लास लावला असता, आणि आपण म्हटलं असतं की तिला विषयात रस नव्हता. किती जण मुळात परीक्षेसाठी आलेले आणि किती जण पहिल्या महिन्यात न कळल्यामुळे तिकडे वळले, हे आपण कधी वेगळं करून पाहिलंय का?

वेळेचं म्हणणं बरोबर. दोन आठवडे जास्त होतात, मी एकावर येते. पण संदर्भ परीक्षेत येत नाहीत हे मला पटत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला संशोधन प्रकल्प आहे, आणि २०१८च्या युजीसी नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांवर साम्य निघालं की काम दुरुस्तीला मागे येतं. तेव्हा रात्री फोन आपल्यालाच येतात.

झिंगाबाईची, तुझं सगळं मान्य. वेळ दुपारी २ ते ५, आणि जे सांगू ते कागदावर, भिंतीला.

ग्रंथालयातून निवृत्त

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, म्हणून एक सांगतो. राज्याच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश आहे. राज्यशास्त्राचा आहे, इतरही विषयांचे आहेत. इंग्रजी संज्ञा काढा, समोर मराठी. मॅडमच्या मुलीला नेमकं हेच पुस्तक हवं होतं. आमच्याकडे ते संदर्भ विभागात, दाराच्या डाव्या हाताच्या कपाटात असायचं. माझ्या आठवणीत ते स्वतःहून मागणारे विद्यार्थी पाच-सात. मी ज्यांच्या हातात दिलं त्यांनी मात्र झेरॉक्स काढून नेलं. पानं इतकी हाताळली गेली की बांधणी दोनदा करावी लागली. मराठी विश्वकोशही आता इंटरनेटवर मोफत आहे, तोही मोबाइलवर उघडून दाखवायला हवा.

देवरीवाल्या भाऊंना माझा प्रश्न : कपाटात काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार काय?

देवरी ते नागपूर

सर, कोशाचं मला खरंच माहीत नव्हतं. २००९मध्ये माझ्या हातात आला असता तर बरं झालं असतं. हे मानतो.

पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बसवण्याला माझा विरोध कायम आहे, आणि त्याला कारण आहे. माझी भाची आदिवासी प्रवर्गातून नागपुरात शिकते. वसतिगृहात नंबर लागला नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून जेवणाखाण्याचा आणि खोलीचा भत्ता मिळतो. तिने एका सीनियरला विचारलं, स्वयम् कुठे भरायचं. त्याने तिला 'स्वयम'च्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर नोंदणी करून दिली. नाव एकच, एक आदिवासी विकासचं, एक केंद्राचं कोर्सचं. पोरगी महिनाभर समजत राहिली की अर्ज झाला. मुदत संपायच्या चार दिवस आधी मला कळलं, मी सुट्टी टाकून आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात गेलो. त्या सीनियरचा हेतू चांगलाच होता. पण चुकीची माहिती आत्मविश्वासाने देणारा माणूस माहिती न देणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

बुटीबोरीकर

हे मी विचारात घेतलं नव्हतं. आता माझं मत बदलते. शिष्यवृत्ती आणि भत्ता यांचं उत्तर मुलांनी द्यायचं नाही. त्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी विद्यार्थी विभागाचा लिपिक त्या टेबलावर बसला पाहिजे, ज्याला अर्जाची स्थिती संगणकावर पाहता येते. मुलांनी फक्त ग्रंथालय दाखवायचं, संज्ञा समजावायच्या, 'माझ्यासोबत चल' म्हणायचं. 'माझ्यासोबत चल' हे काम लिपिक करू शकणार नाही आणि सरही नाही.

पण भाऊ, तुमच्या भाचीसाठी तुम्ही सुट्टी टाकली. ज्यांना सरकारी नोकरीतला मामा नाही त्यांच्यासाठी काय, हा माझा प्रश्न तुम्हालाच आहे.

अंबाझरी३३

लिपिक मिळणार नाही. आमच्या पूर्ण विभागाला एक आहे, तोही कंत्राटी. तुम्ही मागणी करा, मी सही करतो, पण या जुलैत ते होईल असं मुलांना सांगू नका. मात्र कोशातल्या शंभर संज्ञा काढून पहिल्या दिवशी वाटणं, हे मी स्वतः करीन. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

झिंगाबाईची

सर, मलाही ती यादी द्या ना, मी पहिल्याच वर्षाला आहे.

आणि वरचं वाचून भीती वाटून राहिली. माझं आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे हे मलाच माहीत नाही. बँकेत जाऊ तर पुन्हा सकाळच. काऊन असं अवघड करून ठेवलं?

देवरी ते नागपूर

बँकेत जायची गरज नाही. मोबाइलवर 'माय आधार' उघड, आधार क्रमांक टाक, ओटीपी येईल. आत 'बँक सीडिंग स्टेटस' असं लिहिलेलं दिसेल, त्यावर टॅप कर. बँकेचं नाव येतं आणि खालीच ते सुरू आहे की बंद तेही येतं. ओटीपी आला नाही तर आधारला जुना नंबर जोडलेला असेल, मग आधार केंद्रात जावं लागेल. कुठल्या केंद्रावर दुपारी गर्दी कमी असते ते मी उद्या ऑफिसमधून विचारून लिहितो. बँक वेगळी निघाली तर घाबरू नको, आधी इथे सांग.