प्रभागात चार मतं, कागद एकही नाही: मनपाची मतमोजणी सुधारायची तर नेमकं काय बदलायचं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिक मनपात १२२ नगरसेवक आणि ३१ प्रभाग. त्यातले २९ प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीनचे. म्हणजे १५ जानेवारी २०२६ ला बहुतेक मतदारांनी एका खेपेत चार बटणं दाबली आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोल युनिटच्या (यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागाच्या) पडद्यावरचे आकडे टेबलावर उतरवले गेले. त्या चार मतांचा कागदावर मागमूस नाही. विधानसभेला निदान व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेलं मत कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राची, चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि पेटीत पडते. स्थानिक निवडणुकीत ती नसेल, हे राज्य निवडणूक आयुक्तांनी ऑगस्ट २०२५ मध्ये नाशिकच्याच विभागीय आढावा बैठकीच्या वेळी सांगून टाकलं होतं.

यंत्र हॅक होतं असं माझं म्हणणं नाही आणि मतपत्रिकाही परत नकोत. तक्रार एवढीच की वाद झाला तर मोजायला हातात काही उरत नाही. फेरमोजणी मागा, 'रिझल्ट' बटण पुन्हा दाबलं जातं, तोच आकडा पुन्हा येतो.

घोटाळा सोडा, साधी मानवी चूक घ्या. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान होतं. विधानसभेला त्यात किमान ५० मतं टाकतात. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणं दाबायची. पहाटे साडेपाचपासून उभा असलेला केंद्राध्यक्ष यातलं 'क्लिअर' विसरला की चाचणीची मतं खऱ्या मतांत मिसळतात. संध्याकाळी 'क्लोज' विसरला तर मोजणीच्या टेबलावर यंत्र निकालच दाखवत नाही. विधानसभेला असं यंत्र बाजूला ठेवतात आणि आघाडी त्या केंद्रावरच्या एकूण मतांएवढी किंवा त्याहून कमी असेल तर चिठ्ठ्या मोजतात. मनपाला चिठ्ठ्याच नाहीत. मग चाचणीची मतं वजा करा, नाहीतर फेरमतदान घ्या.

माझ्या मागण्या: प्रत्येक मताला कागद, आघाडी जितकी कमी तितकी जास्त पडताळणी, आणि केंद्रनिहाय मतांचा हिशोब त्याच रात्री संकेतस्थळावर.

फुलीशिक्का

कागद हवाच असेल तर मध्ये यंत्र कशाला? सरळ मतपत्रिका द्या. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ ला मतदान यंत्रांविरुद्ध निकाल दिला तो याच मुद्द्यावर: तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मतमोजणी स्वतः तपासता आली पाहिजे. त्यांनी यंत्र बिघडल्याचा पुरावा मागितला नाही. तपासता येत नाही, एवढंच कारण पुरलं.

मतपत्रिकेच्या बारकाव्यांवर पिढ्यानपिढ्या विचार झालाय. मतपत्रिकेवर मारायच्या बाणफुलीच्या शिक्क्याचंच बघा. घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या उमेदवारावर उमटते, पण उमटलेली फुली आरशातली असते, तिचे बाण उलटे फिरतात. कोणता शिक्का मतदाराने मारला आणि कोणता घडीने, हे मोजणी कारकून चष्मा न काढता सांगतो. असं काही यंत्राच्या चिपमध्ये दाखवा.

सीयू_बीयू

फुलीशिक्का, शिक्क्याचं बरोबर आहे. पण चार सदस्यांच्या प्रभागात मतपत्रिकेचा हिशोब मांडून बघा. एका केंद्रावर ६०० जणांनी मतदान केलं धरा. चार जागा म्हणजे २,४०० मतपत्रिका. प्रभागात ४५ केंद्रं धरली तर १,०८,०००. आधी चार रंगांच्या मतपत्रिका वेगळ्या करा, पेटीनिहाय हिशोब जुळवा, ५०-५०चे गठ्ठे बांधा, मग उमेदवारनिहाय खण. एका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे एकापेक्षा जास्त प्रभाग असतात हेही लक्षात घ्या. रात्री दोन वाजता गठ्ठ्यात ४९ की ५० हे मोजणाऱ्या माणसाची चूक यंत्रापेक्षा कमी असते असं कोणी सांगत असेल तर त्याने मोजणी पाहिलेली नाही.

धागाकर्त्यालाही एक सांगतो. विधानसभेची व्हीव्हीपॅट उचलून मनपाला जोडता येत नाही. आपली यंत्रं बहुपद, एकाच मतदाराची चार मतं घेणारी. चार चिठ्ठ्या गुणिले सात सेकंद म्हणजे माणशी २८ सेकंद. ६०० मतदारांना ४ तास ४० मिनिटं नुसत्या चिठ्ठ्या बघण्यात गेली. मतदान साडेसात ते साडेपाच, दहाच तास, आणि लोक काही घड्याळ लावून एकेक येत नाहीत. सिडको-सातपूरला कंपनीची शिफ्ट सुटली की चारनंतर रांग दुप्पट. शिवाय व्हीव्हीपॅटच्या कागदाच्या गुंडाळीत १,५०० चिठ्ठ्या. २,४०० लागणार. मतदान चालू असताना गुंडाळी बदलायची म्हणजे सील तोडायचं, प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. तिथेच भांडणं.

गोदाकाठ

चार चिठ्ठ्या कशाला? चौथं बटण दाबल्यावर एकच लांब चिठ्ठी छापा. अ, ब, क, ड जागांची चार चिन्हं एकाखाली एक. दहा सेकंद दाखवा. वेळही वाचला, कागदही.

सीयू_बीयू

आणि मत विकत घेणाऱ्याची सोय झाली. अ जागेला ८, ब ला ७, क ला ९ आणि ड ला १० पर्याय धरा, नोटासकट ('यांपैकी कोणीही नाही' हे बटण). एकूण ५,०४० वेगवेगळ्या चौकड्या होतात. दलालाने मतदाराला सांगायचं: ड ला आमचा माणूस, अ ला अमुक अपक्ष, ब ला नोटा, क ला तमुक. मोजणीत ती विचित्र चौकडी त्या केंद्रावर एकदाच दिसली की पैसे चुकते. आज यंत्रात प्रत्येक जागेची बेरीज सुटी राहते म्हणून हे जमत नाही. एका चिठ्ठीवर चारही मतं म्हणजे मतदाराची सहीच झाली.

मखमलाबादकर

यावर तोड निघू शकते. पट्टी एकच दाखवायची, पण पेटीत पडताना कटरने चार तुकडे व्हायला हवेत आणि प्रत्येक तुकड्यावर फक्त जागेचं अक्षर, उमेदवार आणि चिन्ह. तुकडे पेटीत मिसळले की चौकडी जुळवता येत नाही. कटर असतोच, आज एक घाव घालतो, उद्या चार घालेल. अडचण दुसरी: तुकडा जेवढा लहान तेवढा अडकण्याचा धोका जास्त, आणि बिघाड यंत्राच्या डोक्यापेक्षा त्याच्या हातापायात जास्त होतात. राखीव यंत्रं वाढवावी लागतील.

तुकड्यांच्या मोजणीला तयार पद्धत आहे. विधानसभेला बँकेच्या कॅशियरसारखा जाळीचा कक्ष करतात, उमेदवारनिहाय खणांत चिठ्ठ्या टाकतात आणि २५-२५चे गठ्ठे बांधतात. चार जागांसाठी खणांची चार कपाटं. एवढंच.

उंटवाडी

सगळे कागद छापण्यात गुंतलेत. छापलेला कागद किती मोजणार यावर कोणी बोलत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. केंद्रं सोडतीने निवडतात. नाशिक जिल्ह्यात १५ मतदारसंघ, म्हणजे ७५ यंत्रं. जिल्हाभर १ टक्का यंत्रांत गडबड असेल तर या ७५ मध्ये निदान एक सापडण्याची शक्यता ५३ टक्के. ५ टक्क्यांत गडबड असेल तर ९८ टक्के. जिल्हाव्यापी दोष पकडायला हे चांगलं आहे. पण एकाच मतदारसंघात ५ टक्के यंत्रं बिघडलेली असतील तर तिथल्या पाचांत एखादं सापडण्याची शक्यता जेमतेम २३ टक्के. चारातल्या तीन वेळा निसटणार.

२०२४ ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. ८२ मतं इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता, आणि त्याला एक केंद्र पुरतं. तिथे पाच केंद्रं मोजून काय कळणार? सगळी मोजायला हवीत. उलट ५०,००० च्या आघाडीला पाचही जास्त आहेत. नमुना ठरीव नको, आघाडीशी बांधलेला हवा. मनपाच्या प्रभागांत तर आघाड्या शेकड्यांत असतात, कधी दोन आकडी. तिथे मखमलाबादकरांचे तुकडे पूर्णच मोजावे लागतील आणि मग फुलीशिक्का म्हणतील, बघा, आलात ना कागदावर.

फुलीशिक्का

म्हणणारच होतो, तुम्हीच म्हणालात.

सातपूरची_बाजू

केंद्रनिहाय आकडे रात्रीच संकेतस्थळावर टाका म्हणणाऱ्यांनी खालच्या पातळीवर काय होतं तेही बघावं. एक केंद्र म्हणजे दोन-तीन सोसायट्या किंवा एक वस्ती. निकालानंतर नगरसेवकाच्या कार्यालयात पहिली यादी बनते ती हीच: कोणत्या केंद्राने मागे टाकलं. पुढची पाच वर्षं पथदिव्याची तक्रार, ड्रेनेजचं झाकण, पाण्याचा वॉल्व्ह, सगळं त्या यादीप्रमाणे. गुप्त मतदान व्यक्तीचं आहे, वस्तीचं नाही.

पूर्वी मतपत्रिका मोजताना केंद्रांच्या पेट्या एकत्र मिसळायची तरतूद होती. यंत्र आलं आणि ते संपलं. टोटलायझरचा प्रस्ताव केंद्रीय निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता: १४ यंत्रं जोडायची आणि एकत्रित बेरीजच दाखवायची. विधी आयोगाच्या २५५ व्या अहवालानेही २०१५ मध्ये शिफारस केली. अजून धूळ खातोय.

उंटवाडी

टोटलायझर लावला तर कोणतं यंत्र चुकलं हे कसं शोधणार? १४ मध्ये एक क्लिअर न केलेलं निघालं की सगळी १४ संशयित.

गोदाकाठ

दोन आकडे वेगळे आहेत, आपण मिसळतोय. एक, केंद्रावर एकूण किती मतं पडली. दुसरा, कोणाला किती पडली. पहिला उघड करायला सातपूरकरांची हरकत नसावी. विधानसभेला हाच आकडा १७ सी नमुन्यात केंद्राध्यक्ष लिहितो आणि त्याची प्रत प्रतिनिधींना देतो. कंट्रोल युनिटवर 'टोटल' दाबलं की तोच दिसायला हवा. आधी तो जुळवा, मगच यंत्र टोटलायझरला जोडा. क्लिअर न केलेलं यंत्र तिथेच पकडलं जाईल.

२०२४ च्या विधानसभेला मतदानाचा संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के आणि शेवटचा ६६.०५. केवढा गदारोळ झाला. वाट पाहणाऱ्यांना रांगेच्या शेपटाकडून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, त्यामुळे सहानंतर नवा माणूस मध्ये घुसत नाही. पाचचा आकडा तोंडी, अंदाजाचा असतो, हेही खरं. पण १७ सी त्याच रात्री स्कॅन करून टाकले असते तर वाद दुसऱ्या दिवशी सकाळी मिटला असता.

सातपूरची_बाजू

एकूण मतांना हरकत नाही. पण चिठ्ठ्यांची पडताळणी केंद्रनिहायच करावी लागेल ना? मग त्या केंद्राची उमेदवारनिहाय मतं फुटलीच.

उंटवाडी

जी केंद्रं सोडतीत निघतील तेवढीच फुटतील. मात्र आघाडी कमी असलेल्या प्रभागात सगळी. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एकतर पडताळणी, नाहीतर वस्तीची गुप्तता. अटीतटीच्या प्रभागात मी पडताळणी निवडेन.

सातपूरची_बाजू

मी नाही. अटीतटीच्या प्रभागातच तर सूड जास्त उगवतात.

मार्करवाला

मोजणी ठीक, पण बोटाची शाई? जानेवारीत मार्कर पेनने लावली आणि पुसली जाते म्हणून राज्यभर बोंब झाली.

सीयू_बीयू

वेगळा धागा काढा. थोडक्यात: शाईतलं सिल्व्हर नायट्रेट त्वचेशी आणि उजेडाशी प्रक्रिया करून काळं होतं, त्याला वाळायला वेळ लागतो. ओली असतानाच ॲसिटोन लावलं तर निघते. उपाय साधा आहे, शाई आधी लावा आणि चौथं बटण दाबून बाहेर येईपर्यंत वाळू द्या. बोट तपासून मगच केंद्राबाहेर सोडा.

त्याहून मोठी गळती यादीत आहे. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेची यादी प्रभागांत तोडतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी घेतली. तोडताना हद्दीवरच्या रस्त्याची एक बाजू चुकून शेजारच्या प्रभागात जाते. संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे टाकले, पण तारा असलेल्याकडून हमीपत्र घ्यायचं काम शेवटी केंद्रावरच्या तीन-चार माणसांच्याच डोक्यावर.

गोदाकाठ

यादीवर हरकतीच्या मुदतीत बोलायला हवं, मतदानाच्या दिवशी नाही. मोजणीवर परत येतो, कारण एक गोष्ट राहिली. विधानसभेच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ४५ दिवस मिळतात. मनपाच्या निकालाविरुद्ध न्यायाधीशांपुढे अर्ज करायला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे फक्त १० दिवस. दहा दिवसांत प्रमाणित प्रती मिळवा, वकील गाठा, अर्ज टाका. त्यात निकालपत्रकाची प्रत हातात यायलाच चार दिवस गेले तर? कागद आणि नवी यंत्रं येतील तेव्हा येतील. केंद्रनिहाय हिशोबाची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला सही-शिक्क्यासह जागेवर द्यायला ना नवं यंत्र लागतं, ना नवा कायदा.

फुलीशिक्का

प्रतिनिधी हजर असेल तर. अपक्षाचे ४५ केंद्रांवर ४५ माणसं कुठून येणार? केंद्राच्या दारावरही एक प्रत चिकटवा. फोटो कोणीही काढेल.

सीयू_बीयू

दारावरच्या प्रतीला माझीही सहमती. फक्त ती पथक साहित्य बांधायला लागण्याआधी चिकटवली पाहिजे. नंतर डिंकसुद्धा पेटीत जातो.